मोठ्या आकाराच्या कॅमेऱ्यातील भिंगाची फ्लँज : प्रमाणीकरण, दुरुस्ती व जतन यांचा ऐतिहासिक अभ्यास

सारांश

काचपट्टीवर छायाचित्र घेणाऱ्या मोठ्या आकाराच्या कॅमेऱ्यांत भिंग फळीवर बसविण्यासाठी पितळेची एक आटेदार कडी वापरली जाते. तिला फ्लँज म्हणतात. ही कडी हरवली की उत्तम स्थितीतील भिंगही निरुपयोगी ठरते. प्रस्तुत शोधनिबंधात या कडीच्या मापांचा इतिहास, तिच्या प्रमाणीकरणाचे प्रयत्न, त्यांचे यशापयश आणि आजच्या काळात बदली कडी मिळविण्याचे मार्ग यांचा विचार केला आहे. जुन्या उपकरणाचा सुटा भाग शोधणे हे केवळ कारागिरीचे काम नसून ते इतिहास-संशोधनाचेही काम आहे, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

प्रस्तावना

महाविद्यालयाच्या भांडारात काम करण्याचा प्रसंग इतिहासाच्या प्राध्यापकावर क्वचितच येतो. काही वर्षांपूर्वी जुन्या साहित्याच्या निर्लेखनासाठी नेमलेल्या समितीचा सदस्य या नात्याने तो प्रस्तुत लेखकावर आला. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये एक नोंद होती : ‘कॅमेऱ्याचे भिंग, पितळी, १ नग.’ त्यापुढे पेन्सिलने शेरा होता : ‘अपूर्ण.’ भिंग कपाटातून काढून पाहिले, तेव्हा काचेवर ओरखडा नव्हता, झडपेची पाती सुरळीत फिरत होती आणि नळीच्या मागच्या टोकावरील आटे शाबूत होते. ज्या लाकडी कॅमेऱ्यावर ते कधीकाळी बसविलेले असावे, त्याची भांडारात खूणही नव्हती. त्याच ठिकाणी दुसरा एक लाकडी फील्ड कॅमेरा मात्र भिंगाविना पडून होता. कॅमेरा होता, भिंग होते. परंतु दोहोंना जोडणारी कडी नव्हती. एवढ्या एका उणिवेमुळे दोन्ही वस्तू निर्लेखनाच्या यादीत आल्या होत्या.

समितीसमोरचा प्रश्न वरकरणी साधा होता : हे भिंग भंगारात काढावे की ठेवावे? परंतु त्याचे उत्तर देण्यासाठी ही कडी आज मिळू शकते का, हे ठाऊक असणे आवश्यक होते. आणि ते ठरविण्यासाठी ती कोणत्या मापाची, कोणत्या काळातील व कोणत्या पद्धतीची असावी, हे समजणे आवश्यक होते. तंत्रविद्येच्या इतिहासात नवनव्या शोधांची चर्चा विपुल होते. वापर, देखभाल आणि दुरुस्ती यांची चर्चा तुलनेने कमी होते. डेव्हिड एजर्टन या ब्रिटिश इतिहासकाराने ‘द शॉक ऑफ द ओल्ड’ या ग्रंथात नेमक्या याच उणिवेकडे लक्ष वेधले आहे. प्रस्तुत निबंध हा त्या दिशेने केलेला एक मर्यादित प्रयत्न होय.

संशोधनाची उद्दिष्टे

१) मोठ्या आकाराच्या कॅमेऱ्यातील भिंग-बैठकीची रचना स्पष्ट करणे.
२) फ्लँजच्या मापांतील विविधतेची ऐतिहासिक कारणे शोधणे.
३) प्रमाणीकरणाच्या प्रयत्नांचे यश व मर्यादा तपासणे.
४) बदली भाग मिळविण्याच्या पद्धती व जतनाच्या दृष्टीने उपयुक्त सूचना मांडणे.

फ्लँजची रचना आणि तिचे हरवणे

साधारणतः ४ × ५ इंच किंवा त्याहून मोठ्या आकाराच्या फिल्मवर अथवा काचपट्टीवर चित्र घेणाऱ्या कॅमेऱ्यांना मोठ्या आकाराचे कॅमेरे असे संबोधले जाते. जुन्या काचपट्ट्यांत ६.५ × ८.५ इंचांची ‘होल प्लेट’ आणि ४.७५ × ६.५ इंचांची ‘हाफ प्लेट’ ही मापे विशेष प्रचारात होती. अशा कॅमेऱ्याची रचना साधी असते. मागे घासलेली काच, मध्ये चामड्याचा किंवा कापडाचा भाता आणि पुढे एक चौकट. या चौकटीत एक सुटी फळी बसते. तिला लेन्सबोर्ड म्हणतात. फळीला गोल छिद्र असते. छिद्रावर पितळेची चपटी कडी लहान स्क्रूंनी पक्की केलेली असते. कडीच्या आतील बाजूस आटे असतात आणि भिंगाची नळी त्यांत फिरवून बसविली जाते. हीच फ्लँज.

ही कडी दोन धंद्यांच्या सीमेवर उभी आहे, हे लक्षात घेतले पाहिजे. कॅमेऱ्याची पेटी बनविणारा कारागीर लाकूडकाम करणारा होता. भिंग बनविणारा काच व पितळेत काम करणारा होता. दोघांची मापण्याची सवय, हत्यारे आणि अचूकतेची कल्पना निराळी होती. फळीतील छिद्र थोडे मोठे झाले तरी सुताराचे काही बिघडत नव्हते, कारण कडी ते झाकून घेत असे. परंतु कडी आणि नळी यांच्या आट्यांत केसाएवढा फरकही चालत नव्हता. फ्लँजमुळे सुताराला भिंगकाराच्या अचूकतेची गरज उरली नाही. तिचे महत्त्व यातच आहे.

तिच्या हरवण्याचे कारणही याच रचनेत दडलेले आहे. भिंग काढायचे असेल तर ते फिरवून मोकळे होते. कडी मात्र फळीवरच राहते. भिंग महाग, हाताळण्यास सोपे आणि दुसऱ्या कॅमेऱ्यावर वापरता येणारे असल्याने ते वारंवार काढले जाई, विकले जाई, वारसांत वाटले जाई. लाकडी कॅमेरा वाळवीने, ओलीने किंवा उपेक्षेने नष्ट होई आणि त्याच्या फळीबरोबर कडीही जाई. त्यामुळे काच व पितळ टिकले, परंतु त्यांना धरून ठेवणारा भाग गेला, असा अनुभव जगभरातील जुन्या भिंगांच्या बाबतीत येतो. भांडारातील आमच्या भिंगाचीही हीच कथा असावी.

मापांतील विविधतेची कारणे

१८३९ साली दागेर यांची प्रक्रिया पॅरिसमध्ये जाहीर झाली. त्या वर्षी विक्रीस आलेल्या जिरू यांच्या कॅमेऱ्यावर शेव्हालिए यांचे भिंग होते. १८४० मध्ये योझेफ पेट्झव्हाल यांनी गणिताच्या आधारे नवे व्यक्तिचित्र-भिंग तयार केले आणि व्हिएन्नातील फोइग्टलेंडर यांनी ते प्रत्यक्षात आणले. त्याचे सापेक्ष छिद्र एफ/३.६ होते. आधीच्या भिंगांच्या तुलनेत त्यातून कितीतरी अधिक प्रकाश येत असल्याने माणसाला बसवून त्याचे चित्र घेणे व्यवहार्य झाले. या भिंगाच्या नकला युरोप-अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर निघाल्या. मात्र नक्कल भिंगाची झाली, आट्यांची नव्हे. प्रत्येक कारखान्याने नळीचे माप आपल्या सोयीने ठरविले.

यामागे एक तांत्रिक कारण होते. त्या काळी पितळेच्या नळीवरील आटे पुष्कळदा हाताने पाडले जात. लेथवर नळी फिरत असताना कंगव्यासारखे दातेरी हत्यार तिच्यावर टेकवून सरकविले जाई. हत्यारातील दातांचे अंतर हेच आट्यांचे अंतर. ज्या कारखान्याकडे जे हत्यार असेल, ते त्या कारखान्याचे माप ठरे. प्रत्येक भिंगासोबत त्याची स्वतःची कडी ग्राहकाला दिली जात असल्याने या पद्धतीत गैरसोय जाणवत नव्हती. जोडी एकत्र असेपर्यंत मापाचे नाव काय, हा प्रश्नच उद्भवत नव्हता.

याच सुमारास यंत्रउद्योगात मात्र आट्यांच्या एकसूत्रीकरणाची चर्चा सुरू झाली होती. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये लंडनच्या सिव्हिल इंजिनिअर्सच्या संस्थेपुढे स्क्रूच्या आट्यांसाठी एकसमान पद्धती मांडली. तीत आट्याचा कोन ५५ अंश ठेवला होता आणि प्रत्येक व्यासासाठी प्रति इंच आट्यांची संख्या निश्चित केली होती. पुढे १८६४ मध्ये अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी ६० अंशांच्या कोनाची वेगळी पद्धती सुचविली. १८९८ मध्ये झुरिक येथील परिषदेत मेट्रिक आट्यांचे आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरले, त्यातही कोन ६० अंशच राहिला. म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जगात एकसमानतेच्या निदान तीन पद्धती शेजारी शेजारी नांदत होत्या.

व्हिटवर्थ यांचे कोष्टक भिंगांना जसेच्या तसे लावता येत नव्हते. ते यंत्रांच्या बोल्टसाठी होते. त्यानुसार २.२५ इंच व्यासाच्या बोल्टला इंचात केवळ ४ आटे येतात. भिंगाच्या पातळ पितळी नळीवर एवढे खोल व विरळ आटे पाडले तर नळीच कापली जाईल. तेथे बारीक आट्यांची गरज होती. त्यामुळे आट्याचा आकार व्हिटवर्थचा, परंतु त्यांची संख्या वेगळी, असा स्वतंत्र विचार करणे भाग होते.

प्रमाणीकरणाचे दोन प्रयत्न

या संदर्भात सूक्ष्मदर्शकाचे उदाहरण उद्बोधक आहे. लंडनच्या मायक्रोस्कोपिकल सोसायटीने १८५८ मध्ये वस्तुभिंगाच्या आट्यांचे प्रमाण ठरविले : व्यास सुमारे ०.८ इंच, इंचात ३६ आटे, कोन ५५ अंश. ही संस्था पुढे ‘रॉयल’ झाली आणि हे माप ‘आरएमएस’ आटे या नावाने प्रसिद्ध पावले. दीडशेहून अधिक वर्षे लोटली तरी ते प्रचारात आहे. आपल्या महाविद्यालयांच्या जीवशास्त्र विभागांतील बहुसंख्य सूक्ष्मदर्शकांची वस्तुभिंगे आजही याच मापाने बसतात. एका कंपनीचे वस्तुभिंग दुसऱ्या कंपनीच्या सूक्ष्मदर्शकावर बसते, याचे आपणास नवल वाटत नाही. कारण ते १८५८ मध्येच घडवून आणले गेले.

छायाचित्रणाच्या क्षेत्रात हे काम १८५३ साली स्थापन झालेल्या फोटोग्राफिक सोसायटीने १८८० च्या दशकात हाती घेतले. या संस्थेला १८९४ मध्ये ‘रॉयल’ हे बिरुद मिळाल्याने तिने ठरविलेली मापे ‘आरपीएस’ प्रमाण म्हणून ओळखली जातात. या पद्धतीत फ्लँजचे व्यास १ इंचापासून पाव इंचाच्या टप्प्यांनी वाढत जातात : १, १.२५, १.५, १.७५, २, २.२५, २.५ आणि पुढे ३ इंच. या सर्वांसाठी इंचात २४ आटे व व्हिटवर्थचा ५५ अंशांचा कोन ठेवण्यात आला. ३ इंचांहून मोठ्या फ्लँजसाठी इंचात १२ आटे ठरविण्यात आले. सव्वा, दीड, पावणेदोन अशा भाषेत मोजमाप करणाऱ्या आपल्याकडील जुन्या कारागिरांना ही मालिका अपरिचित वाटू नये. इंचाचे आठ सूत धरणाऱ्या टर्नरच्या दृष्टीने हे दोन-दोन सुतांचे टप्पे होत.

दोन्ही प्रयत्न जवळजवळ सारख्याच स्वरूपाचे असताना एकाला जगन्मान्यता मिळाली आणि दुसरा मुख्यतः ब्रिटिश भिंगांपुरता मर्यादित राहिला. असे का घडले? प्रस्तुत लेखकाच्या मते त्याची तीन कारणे संभवतात. पहिले, सूक्ष्मदर्शकाचा वापर करणारा वस्तुभिंगे वारंवार बदलतो. एकाच उपकरणावर निरनिराळ्या उत्पादकांची भिंगे लावण्याची गरज त्याला रोजच भासते. छायाचित्रकाराला भिंगासोबत कडी मिळत होती, त्यामुळे ही गरज तितकी तीव्र नव्हती. दुसरे, सूक्ष्मदर्शकासाठी एकच माप पुरेसे होते. छायाचित्रणात भिंगाचा व्यास त्याच्या नाभीय अंतरानुसार व छिद्रानुसार बदलत असल्याने मापांची संपूर्ण मालिका स्वीकारावी लागत होती. तिसरे, जर्मनी व फ्रान्स येथील भिंगउद्योग मेट्रिक मापांवर उभा होता आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नेतृत्व त्यांच्याकडे गेले. झाइसचे १८९० मधील प्रोटार, गोएर्झचे १८९२ मधील डागोर आणि पुन्हा झाइसचे १९०२ मधील टेसार ही याची ठळक उदाहरणे होत. इंचातील मालिका स्वीकारण्याचे त्यांना प्रयोजन नव्हते.

याउलट तिपाईच्या स्क्रूचे उदाहरण पाहावे. कॅमेरा तिपाईवर बसविण्यासाठी पाव इंच व्यासाचा, इंचात २० आट्यांचा अथवा तीन-अष्टमांश इंच व्यासाचा, इंचात १६ आट्यांचा स्क्रू वापरला जातो. ही मापे व्हिटवर्थच्या कोष्टकातील आहेत. अमेरिकन पद्धतीतही या दोन व्यासांसाठी आट्यांची संख्या हीच आहे, फरक केवळ कोनाचा. पुढे त्यांना आयएसओ १२२२ या प्रमाणात स्थान मिळाले. म्हणून आजचा अंकीय कॅमेराही शंभर वर्षांपूर्वीच्या तिपाईवर बसू शकतो. प्रमाण टिकते ते केवळ त्यातील शास्त्रशुद्धतेमुळे नव्हे. दोन भिन्न उत्पादकांच्या वस्तू एकत्र आणण्याची गरज जेथे रोजची असते, तेथेच ते रुजते, असा निष्कर्ष या तुलनेतून काढता येतो.

शटरच्या युगातील बदल

विसाव्या शतकाच्या प्रारंभी भिंग-बैठकीच्या स्वरूपात महत्त्वाचा बदल झाला. त्यापूर्वी टोपी काढून वा स्वतंत्र पडदा-शटर लावून प्रकाश आत घेतला जाई. म्युनिक येथील फ्रीडरिश डेकेल यांच्या कारखान्याचे कॉम्पूर शटर १९१२ च्या सुमारास बाजारात आले. हे शटर भिंगाच्या पुढच्या व मागच्या भागांच्या मध्ये बसते. अशा भिंगाला फ्लँज लागत नाही. शटरचा मागील आटेदार भाग फळीच्या छिद्रातून आत जातो आणि पाठीमागून एक पातळ कडी घट्ट आवळली जाते. कारागीर तिला जॅम नट किंवा नुसते रिंग म्हणतात.

शटर बनविणारे कारखाने मोजके आणि भिंग बनविणारे अनेक, अशी स्थिती निर्माण झाल्याने प्रमाणीकरणाचे काम एखाद्या संस्थेच्या ठरावाविनाच साधले. कॉम्पूर शटरांना क्रमांक होते. पुढे जपानच्या कोपाल कंपनीने ०, १ आणि ३ हे क्रमांक चालू ठेवले. फळीला पाडावयाचे छिद्र क्रमांक ० साठी सुमारे ३५, क्रमांक १ साठी सुमारे ४२ आणि क्रमांक ३ साठी सुमारे ६५ मिलिमीटर असते. श्नायडर, रोडेनश्टॉक, निकॉन आणि फुजी या चारही उत्पादकांनी याच शटरांत आपली भिंगे बसविली. त्यामुळे कोपाल १ ची कडी हरवल्यास कोपाल १ ची कोणतीही कडी चालते. भिंग कोणाचे, हे पाहावे लागत नाही. आरपीएसला समिती नेमून जे पूर्णत्वाने साधता आले नाही, ते बाजारातील मोजक्या पुरवठादारांमुळे सहज घडून आले.

तथापि या व्यवस्थेचीही एक मर्यादा आहे. जे प्रमाण एका-दोन कारखान्यांवर अवलंबून असते, ते त्या कारखान्यांबरोबर क्षीण होते. कोपालच्या यांत्रिक शटरांचे उत्पादन २०१० च्या दशकात थांबले. त्यांच्या कड्या आज बनवून मिळतात, कारण मापे सर्वज्ञात आहेत. परंतु जुन्या कॉम्पूर आणि इतर युरोपीय-अमेरिकन शटरांच्या बाबतीत केवळ क्रमांकावर विसंबणे धोक्याचे ठरते. क्रमांक तोच असला तरी काळानुसार आटे बदललेले आढळतात. तेथे मोजमापाला पर्याय नाही.

भारतीय संदर्भ

भारतात छायाचित्रण फार लवकर पोहोचले. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना झाली. डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे भारतीय छायाचित्रकार तिच्याशी संबंधित होते. त्याच दशकात एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचे वर्ग सुरू झाले आणि हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे व्यावसायिक छायाचित्रकार तेथे घडले. भिंगे मात्र परदेशातून येत. आमच्या महाविद्यालयातील भिंगासारखी जी भिंगे जुन्या संस्थांत आढळतात, त्यांत ब्रिटिश बनावटीची संख्या मोठी असणे या व्यापारसंबंधातून स्वाभाविक ठरते. लंडनमधील रॉस आणि डालमेयर या उत्पादकांची नावे येथील स्टुडिओंना परिचित होती.

हरवलेल्या भागासाठी समुद्रापलीकडून उत्तर येण्याची वाट पाहणे, हाच एकमेव मार्ग येथे होता असे नाही. सर्वेक्षण खात्याचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या कारकिर्दीत थिओडोलाइटसारख्या अत्यंत अचूक उपकरणांची दुरुस्ती व पुनर्अंशांकन करण्याची कामगिरी सय्यद मीर मोहसीन हुसेन या भारतीय कारागिराने पार पाडली. सूक्ष्म उपकरणांच्या दुरुस्तीची परंपरा येथे एकोणिसाव्या शतकातच रुजली होती, असे यावरून म्हणता येते. स्वातंत्र्याच्या सुमारास केरळातील अलेप्पी येथे वागीश्वरी या नावाचे लाकडी फील्ड कॅमेरे तयार होऊ लागले आणि देशभरातील स्टुडिओंत ते पोहोचले. देशी पेटी आणि परदेशी भिंग यांचा संयोग घडविणारी कडी येथेही तितकीच निर्णायक होती.

स्वातंत्र्योत्तर काळात मापनपद्धती बदलली. १९४७ मध्ये भारतीय मानक संस्था स्थापन झाली. १९८७ पासून तिचे कार्य भारतीय मानक ब्युरोकडे आले. १९५६ च्या वजने व मापे प्रमाणीकरण कायद्याने देशात मेट्रिक पद्धती आणली. आट्यांसाठी आयएस ४२१८ हे भारतीय प्रमाण आयएसओच्या मेट्रिक आट्यांवर आधारलेले आहे. उद्योगांच्या दृष्टीने हा बदल आवश्यक व हितकर होता, याविषयी दुमत नाही. परंतु त्याचा एक अनपेक्षित परिणाम असा झाला की, इंचाच्या जगात जन्मलेली वस्तू मेट्रिकच्या जगात दुरुस्तीस गेली म्हणजे तिची भाषाच ओळखली जात नाही.

बदली भागाचा शोध : एक अनुभव

हा परिणाम प्रस्तुत लेखकाने प्रत्यक्ष अनुभवला. भांडारातील भिंग घेऊन एका लेथ वर्कशॉपमध्ये गेलो असता व्हर्नियर कॅलिपरने आट्यांचा बाह्य व्यास ५७.१ मिलिमीटर आला. टर्नरने तो ५७ मिलिमीटर धरला, आट्यांचे अंतर १ मिलिमीटर असल्याचे नजरेने ठरविले आणि त्याप्रमाणे कडी तयार केली. भिंग तीत दोन फेरे फिरले आणि अडकले. टर्नर म्हणाले, “सर, थोडा जोर लावला की बसेल.” सुदैवाने जोर लावला नाही.

चूक टर्नरच्या हातात नव्हती, गृहीतात होती. आणि ते गृहीत लेखकाचेही होते. ५७.१५ मिलिमीटर म्हणजे बरोबर २.२५ इंच. पिच गेज लावून पाहिले तेव्हा इंचात २४ आटे भरले. २५.४ ला २४ ने भागल्यास आट्यांचे अंतर १.०५८ मिलिमीटर येते. एका आट्यात हा फरक जाणवत नाही. पाच आट्यांत मात्र तो ०.२९ मिलिमीटर होतो, म्हणजे एका आट्याच्या पावपटीहून अधिक. म्हणून कडी सुरुवातीस आत जाते आणि मग अडकते. त्यावेळी जोर केला असता तर मऊ पितळेचे जुने आटे कायमचे चिरडले गेले असते. भिंग आरपीएस प्रमाणाचे होते, आणि ते ओळखण्यासाठी लेथपेक्षा इतिहासाची माहिती अधिक उपयोगी पडली.

दुसरी कडी बनविताना अडचण आली नाही. इंचात ४ आट्यांचा लीडस्क्रू असलेल्या जुन्या लेथवर २४ आटे पाडण्यासाठी १:६ हे गुणोत्तर पुरते. २० आणि १२० दातांची चाके लावली की काम होते. नव्या मेट्रिक लेथवर हेच करावयाचे झाल्यास १२७ दातांचे चाक लागते, कारण इंच व मिलिमीटर यांच्यातील २५.४ हा आकडा पूर्णांकात आणण्यास तेच उपयोगी पडते. वर्कशॉपच्या कोपऱ्यात पडून असलेल्या जुन्या लेथवर ५५ अंशांचे हत्यार घासून टर्नरने दुसरी कडी एका दुपारी तयार केली. भिंग तीत हाताने, कोणताही अडथळा न येता बसले.

या अनुभवावरून व उपलब्ध माहितीवरून बदली भाग मिळविण्याचे मार्ग पुढीलप्रमाणे सांगता येतील. पहिला मार्ग म्हणजे प्रमाण ओळखून त्या मापाची जुनी कडी शोधणे. ब्रिटिश भिंगांच्या बाबतीत एका उत्पादकाची आरपीएस कडी दुसऱ्याच्या भिंगाला चालत असल्याने हा मार्ग प्रथम तपासावा. दुसरा मार्ग नवी कडी बनवून घेण्याचा. अप्रमाणित भिंगांसाठी बहुधा तोच उरतो. तिसरा मार्ग सर्वसमावेशक पकड वापरण्याचा. झडपेसारखी पाती असलेली व वेगवेगळ्या व्यासांची नळी आवळून धरणारी बैठक पूर्वीपासून उपलब्ध आहे. तीत आट्यांचा प्रश्नच उद्भवत नाही; मात्र जड भिंग ढळण्याची भीती राहते. अलीकडे त्रिमितीय मुद्रणाने प्लास्टिकची कडीही तयार करता येते. अभ्यासापुरती ती उपयुक्त असली तरी वजनदार पितळी भिंगासाठी तिच्यावर दीर्घकाळ विसंबणे योग्य नव्हे.

कोणताही मार्ग स्वीकारला तरी काही पथ्ये पाळावीत. आट्यांचा बाह्य व्यास, आट्यांची संख्या आणि आटेदार भागाची लांबी या तिन्ही गोष्टी मोजल्याखेरीज काम देऊ नये. मूळ भिंगाचे आटे कडीच्या मापाप्रमाणे कमीजास्त करू नयेत. बदल नेहमी नव्या भागात करावा, जुन्यात नव्हे. भिंग लेथवर चढवू नये. फळीवर कडी पक्की करण्यापूर्वी भिंग तीत पूर्ण बसवून पाहावे आणि छिद्राचे आकडे अथवा झडपेची खाच वरच्या बाजूस येईल अशा रीतीने कडी फिरवून मगच स्क्रू लावावेत.

निष्कर्ष

१) फ्लँज हरवण्याचे मूळ तिच्या रचनेतच आहे. भिंग सुटे होते आणि कडी फळीवर राहते; म्हणून भिंगाच्या तुलनेत कडी अल्पायुषी ठरली.

२) मापांतील विविधता ही कारागिरांच्या बेफिकिरीतून नव्हे, तर भिंग व कडी एकत्र विकण्याच्या पद्धतीतून आणि हाताने आटे पाडण्याच्या तंत्रातून निर्माण झाली.

३) सूक्ष्मदर्शक, तिपाई आणि फ्लँज यांच्या तुलनेवरून असे दिसते की, प्रमाणाचे यश ठरावापेक्षा वापरकर्त्याच्या दैनंदिन गरजेवर अधिक अवलंबून असते.

४) शटरच्या युगात प्रमाणीकरण अधिक पूर्ण झाले, परंतु ते मोजक्या उत्पादकांवर विसंबून असल्याने तितकेच परावलंबीही राहिले.

५) मेट्रिक पद्धतीच्या स्वीकारानंतर जुनी उपकरणे ओळखण्यासाठी पूर्वीच्या प्रमाणांचे ज्ञान टिकविणे आवश्यक झाले आहे. हे ज्ञान जुन्या टर्नरच्या हातात आणि संस्थांच्या भांडारात विखुरलेले असून दोन्ही ठिकाणांहून ते झपाट्याने नाहीसे होत आहे.

महाविद्यालयांना यातून एक सूचना करावीशी वाटते. जुने शास्त्रीय साहित्य निर्लेखित करण्यापूर्वी ‘अपूर्ण’ या शेऱ्याऐवजी नेमके काय उणे आहे, त्याचे माप काय आणि ते बनवून मिळू शकते का, याची नोंद केली जावी. ज्या विभागाकडे उपकरण आहे त्याने इतिहास विभागाला आणि इतिहास विभागाने तंत्रनिकेतनातील कर्मशाळेला विचारावे. एका कडीचा खर्च अल्प असतो. तिच्या अभावी भंगारात जाणारी वस्तू पुन्हा मिळत नाही.

प्रस्तुत भिंग आता निर्लेखनाच्या यादीत नाही. ते भांडारातील त्याच फील्ड कॅमेऱ्यावर बसविले असून विद्यार्थी घासलेल्या काचेवर महाविद्यालयाची इमारत उलटी उमटलेली पाहतात. डेडस्टॉक रजिस्टरमधील ‘अपूर्ण’ हा शेरा खोडलेला नाही. त्याखाली नवी नोंद केली आहे : ‘पितळी फ्लँज, १ नग, व्यास २.२५ इंच, इंचात २४ आटे, कोन ५५ अंश.’ यापुढे ही कडी पुन्हा कधी हरवली, तर ती कशी असावी हे शोधण्यासाठी कोणालाही आमच्याइतके भटकावे लागणार नाही.